वत लागायच्या आधी

दिवाडीच्या पहिल्या फेरीबोटीत मी, दोन मोटारसायकली,
पावांची टोपली घेतलेला पोदेर.
पिशवीत भिंग, मऊ ब्रश, नोंदवही.
घर वैद्यांचं. वैद्य वारून अकरा वर्षं झाली,
पोथी अजून ओल्या भिंतीतल्या कपाटात,
लाल फडक्यात, कापराच्या वासात.
एकवीस पानं. शेवटची चार कसरीनं नेली.
ग्रंथाला नाव असेल तर त्या चारांत.

मला वाटलं होतं, आसनं असतील.
पलीकडच्या किनाऱ्यावर रंगीत चटया अंथरून
पहाटे जे चालतं, त्याचं आजोळ असेल इथं.
एकही आसन नाही.
एक टाच, एक हनुवटी, कोंडलेला श्वास,
आणि उचलून जमिनीवर आपटायचं बूड.
बाकी सगळा हिशेब गळतीचा.
टाळूच्या वर चंद्र. तो ठिबकतो.
बेंबीपाशी सूर्य. तो पिऊन टाकतो.
थेंबाथेंबानं माणूस सरतं.
अडवा, म्हणतो हा. जोर लावा, पण अडवा.
हठ.
आपण त्याचा हट्ट केला
आणि पोरांच्या वाट्याला देऊन टाकला.

नमनाच्या ओळीत कागद खरवडलेला आहे.
वर शिवाचं नाव, ठसठशीत, नव्या शाईत.
भिंग तिरकं धरलं की खालून
दुसऱ्याच कुणाच्या नावाची एक मात्रा दिसते,
पाय रोवून उभी.
कुणीतरी आधी बसलं होतं इथं डोळे मिटून.
या बेटावर त्याचं नवल ते काय?
इथले देवसुद्धा रातोरात होडीत बसले,
पैलतीरी नव्या गावात नांदले,
चौथरे तेवढे मागे राहिले.

खिडकीबाहेर माडावर मिंगेल.
साठीचा, एका गुडघ्यानं अधू,
गावातला शेवटचा रेंदेर. पोरगा बोटीवर खलाशी.
पोय काथ्यानं आवळतो. बंध.
कातीच्या मुठीनं ठोकतो, हलके, चहूबाजूंनी,
झोपलेल्या मुलाला थोपटावं तसं. वेध.
टोक कापतो, तोंडाशी दामणं बांधतो.
मी पानाकडे पाहते, माडाकडे पाहते,
पुन्हा पानाकडे.
तीन क्रिया. तीनच.
आणि शेंड्यातून पाझरणारं पांढरं काहीतरी.

खाली उतरला तेव्हा विचारलं,
इतक्या अंधारात का चढता?
"वत लागलें की सूर आंबता, बाय."
उन्हाचं नाव इतक्या सहज घेतलं त्यानं,
घरातल्या उधळ्या भावाचं घ्यावं तसं.
गूळ करायचा असला तर
दामण्याला आतून चुना फासतात, म्हणाला,
मग थोडा वेळ तग धरतो. थोडाच.

मी त्याला पोथीतलं सांगितलं.
चंद्र, टाळू, बेंबी, आग.
त्यानं कान खाजवला.
"म्हणजे तो मनीस आपलोच माड,
आपलोच रेंदेर?"
हो.
"आनी पडलो जाल्यार?"
याचं उत्तर सतरा पानांत नव्हतं.

नक्कल करणाऱ्यानं मात्र समासात,
मृत्यूला जिंकायच्या कृतीशेजारीच,
बारीक अक्षरांत लिहिलंय:
कंबर धरली आहे. तेल संपत आलं.
उरलेलं उद्या.
पुढच्या पानावर अक्षर वेगळं आहे.

नोंदवहीत लिहिलं:
कर्ता अज्ञात. विषय योग. स्थिती जीर्ण.
शेऱ्याचा रकाना बराच वेळ मोकळा ठेवला.
मिंगेलनं दिलेला पेला टेबलावर तसाच विसरले.
दहाच्या सुमाराला आठवला.
ऊन खिडकीतून पानांपर्यंत पोचलं होतं,
आणि पेल्यात, माझ्या देखत,
बारीक बारीक बुडबुडे वर येत होते.